मरीन ड्राइव्हचा रात्रीचा पॅनोरमा: आभाळात पट्टे का पडतात?

खिडकीवाला (शनिवार, रात्री ११:५०)

मंडळी, धागा रडगाण्याचा आहे, आधीच सांगून ठेवतो.

डोंबिवलीत नवीन घर घेतलंय. हॉलमध्ये सोफ्यामागची भिंत रिकामी आहे. बायकोने तिथे फ्लेमिंगोंचा वॉलपेपर पसंत केला होता. मी भर दुकानात बोलून बसलो की वॉलपेपर नको, तिथे क्वीन्स नेकलेसचा सहा फुटी फोटो लागेल आणि तो मी काढलेला असेल. फ्लेमिंगोंना महिनाभराची स्थगिती मिळाली आहे.

आज गेलो होतो. जागा: नरिमन पॉइंट, एनसीपीए नाट्यगृहाच्या टोकाशी कठडा वळतो तिथे. डावीकडे राजभवनाचं टोक, मग मलबार हिल, समोर लांब चौपाटी, आणि तिथून दिव्यांची कमान वळत वळत आपल्या उजव्या हाताच्या हॉटेलांपर्यंत येते. झालं १४० अंश. एका फोटोत मावत नाही, म्हणून उभ्या फ्रेम घेऊन जोडायचं ठरवलं.

कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर), २४ मेगापिक्सेल. लेन्स ५० एमएम. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/११, १३ सेकंद, सगळं मॅन्युअल, व्हाइट बॅलन्सही लॉक. म्हणजे अभ्यास करून गेलो होतो हो! सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास. ६:३८ ला पहिली क्लिक, डावीकडून उजवीकडे, एकूण ११ फ्रेम.

घरी येऊन जोडल्या. आभाळ डावीकडे निळं आणि उजवीकडे जाता जाता काळंकुट्ट, मध्ये उभे पट्टे, जणू कुणी पडदे लावलेत. किनाऱ्याचं केळं झालंय. खालचा कठडा दोन ठिकाणी तुटलाय, उजवीकडच्या टॉवरचं डोकं उडालंय, आणि पाण्यावर कुठून तरी हिरवे ठिपके आलेत जे तिथे नव्हतेच. शिवाय तासाभरात तीन वेळा 'परमिशन आहे का' झालं ते वेगळंच.

कुठे चुकलं? फोटो टाकायची लाज वाटतेय, पण टाकतो.

निळू (रविवार, सकाळी ७:१५)

केळं या शब्दावर हसले, पण फोटो बघून पटलं. मलाही हे शिकायचंय, म्हणून इथे बसून राहते. वाखुसा (वाचनखूण साठवली).

फक्त_मोबाईल (रविवार, सकाळी ८:०२)

एवढा खटाटोप कशाला? माझा फोन हे काम दहा सेकंदांत करतो. परवाच वरळी सी फेसवरून काढला, चाळीस लाइक आले.

तिपाईकाका (रविवार, सकाळी ९:३०)

खिडकीवाले, दोन प्रश्न. शेवटच्या फ्रेमची वेळ काय? आणि कॅमेऱ्यात 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' नावाची गोष्ट चालू होती का?

खिडकीवाला (रविवार, सकाळी १०:१०)

काका, शेवटची ६:४३:३०. पहिली ६:३८:१०. ते नॉइज रिडक्शन म्हणजे, प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा 'बिझी' दाखवत थांबायचा तेच का? मला वाटलं कार्ड स्लो आहे.

तिपाईकाका (रविवार, सकाळी ११:२५)

सापडला चोर.

ते फीचर चालू असलं की १३ सेकंदांचा फोटो झाल्यावर कॅमेरा शटर बंद ठेवून आणखी १३ सेकंदांची एक काळी फ्रेम घेतो आणि तिच्यातला नॉइज (सेन्सरचे रंगीत दाणे) मूळ फोटोतून वजा करतो. एकट्या फोटोला ठीक. पॅनोरमाला विष. तुझी एक फ्रेम ३२ सेकंदांना पडली, ११ फ्रेमना सव्वापाच मिनिटं लागली.

आता सव्वापाच मिनिटांत काय एवढं बिघडतं? मुंबईत सूर्य तिरका रेंगाळत नाही, जवळजवळ सरळ खाली उतरतो. मावळल्यापासून क्षितिजाखाली ६ अंश जायला त्याला जेमतेम २३ मिनिटं लागतात आणि तेवढ्यात उजेड शंभरपटीहून जास्त घटतो. हिशोब केलास तर दर साडेतीन मिनिटांना आभाळाचा उजेड निम्मा. तुझ्या पहिल्या आणि शेवटच्या फ्रेममध्ये दीड स्टॉपचा फरक आहे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे जवळजवळ तिप्पट. तू एक्स्पोजर लॉक केलंस हे बरोबर केलंस, पण आभाळाला कुलूप लावता येत नाही.

दुसरी गोष्ट, तू डावीकडून सुरुवात केलीस. तिथून डावीकडे वायव्य येते आणि उजवीकडे जवळजवळ पूर्व. मावळतीकडचं आभाळ मुळातच उजळ, उगवतीकडचं आधी काळवंडतं. तू उजळ बाजू आधी, अजून उजेड असताना घेतलीस आणि काळी बाजू अंधार पडल्यावर. एकावर एक दोन चुका चढल्या. उलटा फिर. उजवीकडच्या हॉटेलांपासून सुरू कर, राजभवनावर संपव. पूर्वेला अजून जीव असताना ती फ्रेम मिळेल, आणि पश्चिम तोपर्यंत शांत झालेली असेल. फरक आपोआप मिटत येतो.

नॉइज रिडक्शन बंद. आयएसओ १०० ला १०-१५ सेकंदांत आजकालचे सेन्सर काही रडत नाहीत.

सुलू_ठाणे (रविवार, दुपारी १२:४०)

काकांना +१. मी हीच चूक ठाण्याला तलावपाळीवर केली होती, फक्त तिथे पॅनो छोटा म्हणून खपून गेली.

केळ्याबद्दल मी बोलते, कारण ते सॉफ्टवेअरचं दुखणं आहे आणि थोडं डोळ्याचंही. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरला तू सांगितलंस 'जोड', त्याने जोडलं. क्षितिज कुठे आहे हे त्याला कुणी सांगितलं? तू बहुतेक नंतर किनाऱ्याची रेघ सरळ करायला गेलास. बरोबर? बॅक बे हा उपसागर आहे. चौपाटी तुझ्यापासून तीन किलोमीटरवर आहे आणि उजवीकडचा कठडा पायाशी. जवळचा किनारा फ्रेममध्ये खाली दिसणार, लांबचा वर. ती रेघ मुळात सरळ नाहीच. तिला सरळ केलंस तर इमारती पडणार, इमारती उभ्या केल्यास तर ती किंचित वाकणार. आणि ते वाकणं खरं आहे! नेकलेस आहे शेवटी, पट्टी नव्हे.

मी ह्युगिन नावाचं पॅनोरमा जोडायचं सॉफ्टवेअर वापरते. फुकट आहे, दिसायला सरकारी फॉर्मसारखं आहे, पण सगळं आपल्या हातात देतं. फ्रेम टाकल्या की ते दोन-दोन फ्रेममधल्या सारख्या जागा शोधून कंट्रोल पॉइंट लावतं. आधी ते सगळे उघडून बघ. लाटेवर, ढगावर, गाडीच्या दिव्यावर लागलेले पॉइंट उडव, कारण त्या गोष्टी दोन फ्रेममध्ये एका जागी नसतातच. इमारतींच्या खिडक्यांवरचे ठेव. मग तीन-चार इमारतींच्या उभ्या कडांवर 'उभी रेघ' म्हणून पॉइंट दे: एक डाव्या टोकाला, एक-दोन मध्ये, एक उजव्या टोकाला. परत ऑप्टिमाइझ कर. केळं गेलं.

प्रोजेक्शन (गोलाकार दृश्य सपाट पसरवायची पद्धत) सिलिंड्रिकल ठेव. रेक्टिलिनिअर, म्हणजे सगळ्या रेघा सरळ ठेवणारं, १४० अंशांना चालणार नाही, टोकाची हॉटेलं रबरासारखी ताणली जातील.

फक्त_मोबाईल (रविवार, दुपारी १:०५)

सरकारी फॉर्म भरून मग फोटो. छान छंद आहे.

सुलू_ठाणे (रविवार, दुपारी १:२०)

मोबाईलदादा, फोनवर बघायला तुमचा फोटो उत्तमच आहे, खोटं नाही बोलत. पण फोन फिरवत पॅनो घेताना प्रत्येक तुकड्याला मिळतो सेकंदाचा छोटासा अंश, म्हणून रात्री तो आयएसओ चढवतो आणि मग नॉइज पुसतो. तुमच्याच फोटोत सी लिंकच्या केबल मोजून दाखवा. सहा फुटांवर ताणलंत तर इमारती साबणाच्या वड्या दिसतील.

फक्त_मोबाईल (रविवार, दुपारी १:३३)

झूम करून बघितलं. केबलच नाहीत, नुसती धूसर पट्टी आहे. ठीक आहे, वाचतोय.

गिरगावकर_७ (रविवार, संध्याकाळी ५:४५)

हा धागा माझ्या अंगणातला, त्यामुळे उशिरा आलो तरी हक्काने बोलतो.

पहिलं म्हणजे, शनिवारी का गेलास रे? नरिमन पॉइंट म्हणजे ऑफिसं. शनिवारी संध्याकाळी अर्ध्या खिडक्या मेलेल्या. मंगळ-बुध-गुरू बघ. जानेवारीत आणखी फायदा असा की पावणेसातला ब्लू अवर (सूर्यास्तानंतरचं गडद निळं आभाळ) असतो आणि माणसं अजून टेबलाशी असतात, सगळे मजले पेटलेले. हेच मेमध्ये केलंस तर निळं आभाळ साडेसातच्या पुढे येतं, तोवर बरीच मंडळी चर्चगेटला गाडी पकडून विरारच्या वाटेला लागलेली असतात.

दुसरं म्हणजे हवा. जानेवारीत जमिनीलगत धुरकट थर बसतो. तुझ्या फोटोत मलबार हिल दुधात बुडवल्यासारखी दिसतेय ती त्यामुळे. सॉफ्टवेअरमधला धुकं काढायचा 'डीहेझ' स्लायडर ओढू नकोस, आभाळातले पट्टे दुप्पट दिसतील. वारा असलेला दिवस निवड. खरी काचेसारखी हवा पावसाच्या उघडिपीत मिळते. एखाद्या दिवशी दुपारी कोसळून संध्याकाळी उघडलं की ताडदेवचे ते जुळे इम्पीरियल टॉवर टेकडीमागून असे कापून काढल्यासारखे दिसतात. पण तेव्हा उधाणाची भरती असेल तर कठड्यावर उभं राहू नये आणि कठड्याखालच्या काँक्रीटच्या टेट्रापॉडवर तर कधीच उतरू नये. शेवाळावरून घसरलेल्यांना काढायला अग्निशमन दलाला आलेलं मी पाहिलंय.

अवांतर: दिव्यांचा रंग. २०१५ साली मरीन ड्राइव्हवर सोडियमचे जुने पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा आम्हाला अक्षरशः दवाखान्यात राहायला गेल्यासारखं वाटत होतं. नेकलेस सोन्याचा होता तो चांदीचा केला म्हणून ओरड झाली, मग पुढे पिवळसर छटेचे लावले. तरी सोडियमचा तो केशरी रंग गेला तो गेलाच. फोटोत व्हाइट बॅलन्स इतका गार करू नका की त्यावर परत पांढरे दिवे लावल्यासारखं दिसेल. ३६०० केल्विनच्या आसपास ठेव, आभाळ निळं राहतं आणि दिवे दिव्यांसारखे दिसतात.

निळू (रविवार, रात्री ९:१०)

काका, एक बाळबोध शंका. कठडा तुटला पण इमारती तुटल्या नाहीत, असं का? जोडणारं सॉफ्टवेअर तर एकच ना?

तिपाईकाका (रविवार, रात्री १०:००)

बाळबोध नाही, हीच मुख्य शंका आहे.

एक डोळा मीट. बोट नाकासमोर धर आणि मागच्या दाराच्या चौकटीला लावून बघ. आता मान फिरव. बोट चौकटीवरून सरकतं, कारण डोळा मानेच्या आसाभोवती फिरताना बाजूलाही सरकतो. कॅमेऱ्याचं तेच. तो ट्रायपॉडच्या स्क्रूभोवती फिरतो, पण लेन्स जिथून 'बघते' तो बिंदू त्याच्या सात-आठ सेंटिमीटर पुढे असतो. प्रत्येक १२ अंशांच्या वळणाला तो बिंदू साधारण दीड सेंटिमीटर सरकतो.

त्याच्या ५० एमएमला दोन किलोमीटरवरच्या इमारतीत या सरकण्याने फरक पडतो एका पिक्सेलचा दहावा हिस्सा. कोण बघतंय? पण दोन मीटरवरच्या कठड्यात तोच फरक शंभर पिक्सेलचा होतो. कठडा तुटला तो असा.

उपाय दोन. कॅमेऱ्याखाली स्लायडिंग रेल लावून तो मागे घ्यायचा, म्हणजे लेन्सचा तो बिंदू बरोबर आसावर येतो. जवळचा एक खांब आणि लांबचा एक खांब एका रेषेत धरून कॅमेरा डावी-उजवी फिरवायचा, दोघे एकमेकांना चिकटून राहिले की जागा सापडली. दुसरा उपाय फुकट आहे: ट्रायपॉड कठड्याला अगदी खेटून लाव आणि जवळचं काही फ्रेममध्ये घेऊच नकोस.

हिरव्या ठिपक्यांचं राहिलं. लेन्सवर यूव्ही फिल्टर होता ना? रस्त्यावरचे प्रखर दिवे फिल्टर आणि लेन्सच्या मध्ये आपटून उलट्या बाजूला भूत बनून उमटतात. रात्री फिल्टर काढून खिशात.

हडसनकाठचा (सोमवार, पहाटे ४:५०)

इथे न्यू जर्सीत संध्याकाळ आहे, वेळ बघून दचकू नका. वीहॉकनच्या हॅमिल्टन पार्कवरून मॅनहॅटनचा पॅनो मी गेली काही वर्षं काढतोय, म्हणून दोन शब्द.

काकांनी सांगितलेलं 'दर साडेतीन मिनिटांना निम्मं' इथे थोडं सैल आहे. आम्ही ४१ अंशांच्या आसपास, सूर्य तिरका उतरतो, जूनमध्ये तर तोच टप्पा अर्ध्या तासाहून जास्त चालतो. मुंबईला सुट्टीवर आलो की माझी दर वेळी फजिती होते, बॅग उघडेपर्यंत रात्र.

इथली डोकेदुखी म्हणजे फेरी बोटी. हडसनवर सतत ये-जा. एक फेरी तीन फ्रेममध्ये तीन ठिकाणी रेघ ओढून जाते आणि जोडताना रेघ अर्ध्यात कापलेली दिसते. मी फेरी जाईपर्यंत थांबत नाही (आभाळ थांबत नाही ना), तर पूर्ण ओळ लागोपाठ दोनदा घेतो आणि ह्युगिनमध्ये मास्क लावून (नको तो भाग झाकून) ज्या ओळीतला तुकडा साफ तो ठेवतो.

आणखी एक. लाकडी धक्क्यावर, लोखंडी पुलावर ट्रायपॉड लावू नका. शेजारून जॉगर गेला तरी १० सेकंदांचा फोटो हलतो. तुमचा मरीन ड्राइव्हचा कठडा त्या मानाने देवाचा आहे.

गिरगावकर_७ (सोमवार, सकाळी ८:३०)

फेरीवरून आठवलं. आमच्याकडे सिग्नल आहे. मरीन ड्राइव्हवर गाड्यांच्या दिव्यांची लाल-पांढरी रेघ हवी ना? एक फ्रेम हिरव्यावर आणि शेजारची लाल सिग्नलवर घेतलीत तर रेघ मधेच संपते, मग दोनशे मीटर काळोख, मग परत सुरू. माळेतले मणी गळाल्यासारखं दिसतं. रस्ता दिसणाऱ्या फ्रेम फार तर दोन-तीन असतात, तेवढ्याच वाहता रस्ता बघून घ्या.

तिपाईकाका (सोमवार, दुपारी १२:१५)

आता मला एक सांग खिडकीवाले. ५० एमएम का निवडलीस?

खिडकीवाला (सोमवार, दुपारी १२:५०)

जास्त फ्रेम, जास्त मेगापिक्सेल, मोठा प्रिंट. असंच ना? जोडून ३१ हजार पिक्सेल रुंद फाइल झाली होती. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं पण.

तिपाईकाका (सोमवार, दुपारी २:४०)

ऑफिसात सांगायला छान आहे. भिंतीवर काय लागतं ते बघू.

सहा फूट म्हणजे ७२ इंच. सोफ्यामागच्या चित्राला माणूस नाक लावत नाही, तीन-चार फुटांवरून बघतो. इंचाला १५० पिक्सेल पुरतात. ७२ गुणिले १५०, झाले १०,८००. तुझ्याकडे ३१ हजार होते, म्हणजे गरजेच्या तिप्पट. आणि त्या ज्यादा पिक्सेलची किंमत तू वेळेत मोजलीस.

किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळालेली) आहे ना, १८-५५? ती २४ एमएमवर ठेव. कॅमेरा उभा धरलास की एक फ्रेम आडवी ३६ अंश बघते. दर २५ अंशांना एक, म्हणजे ३० टक्के ओव्हरलॅप. सहा फ्रेममध्ये तुझे १४० अंश बसून दोन्ही टोकांना कापायला जागा उरते. रुंदी सुमारे १५ हजार पिक्सेल, सहा फुटांना इंचामागे दोनशेच्या वर.

वेळ? ८ सेकंद फोटो, ५ सेकंद वळवायला. सहा फ्रेम सव्वा मिनिटात. तेवढ्यात आभाळ अर्धा स्टॉपही पडत नाही आणि उलट्या दिशेने गेलास तर तोही दिसणार नाही. शिवाय ५० एमएमला उंचीत २६ अंशच मिळत होते, म्हणून टॉवरचं डोकं उडालं. २४ ला दुप्पट मिळतात.

आणि सव्वा मिनिटाची ओळ असली की ब्लू अवरमध्ये सात-आठ ओळी होतात. दर दोन मिनिटांनी एक पूर्ण ओळ घेत राहा. घरी जाऊन ज्या ओळीत आभाळ आणि खिडक्या यांचा उजेड तोलला जातो ती निवड. माझ्या अनुभवाने ती सूर्यास्तानंतर २० ते २८ मिनिटांत कुठे तरी असते.

सुलू_ठाणे (सोमवार, दुपारी ३:००)

दंडवत काका. हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका.

फक्त एक जोड: ट्रायपॉडचे पाय आधी लेव्हल करा, मग हेड (वरचा फिरणारा भाग). बॉल हेडवर कॅमेरा सरळ केला आणि पाय तिरके असले तर फिरवताना ओळ जिन्यासारखी चढत जाते आणि कापताना निम्मं आभाळ जातं. आणि लेन्सचं हादरे सावरणारं स्टॅबिलायझेशन बंद, पट्टा काढून ठेवा (समुद्राच्या वाऱ्यात तो शिडासारखा फडफडतो), दोन सेकंदांचा टायमर. फोकस एकदा लांबच्या दिव्यावर करून मॅन्युअलला टाका, आणि झूमच्या रिंगला चिकटपट्टी लावा. मी हसत नाहीये, माझी रिंग एकदा २४ वरून २७ वर सरकली होती.

निळू (सोमवार, रात्री ८:२०)

आणि लाटा? पाणी तर प्रत्येक फ्रेममध्ये वेगळं असणार, ते कसं जोडलं जातं?

हडसनकाठचा (मंगळवार, पहाटे ५:३०)

लांब एक्स्पोजरने. एक-दोन सेकंदांत लाटांना आकार राहतो, मग जोड दिसतो. आठच्या पुढे पाण्याची साय होते, दिव्यांची प्रतिबिंबं लांब रेघा होतात, आणि साय सायीला कुठेही जोडली जाते.

खिडकीवाला (गुरुवार, रात्री १२:४०)

आलो! काल बुधवार, हाफ डे टाकला. सविस्तर लिहितो.

दुपारी वारा होता, म्हणून निघालो. सीएसएमटीपर्यंत लोकल, पुढे शेअर टॅक्सी. एसी टॅक्सीतून उतरलो आणि लेन्स काढली तर काचेवर वाफ. दहा मिनिटं नुसता उभा. हे कुणीच सांगितलं नव्हतं बरं का! लवकर पोचलो म्हणून वाचलो.

ट्रायपॉड कठड्याला चिकटवून लावला, बॅग खाली अडकवली. फिल्टर खिशात, झूमला चिकटपट्टी. हेडच्या चकतीवर घरूनच दर २५ अंशांना पेनने खुणा केल्या होत्या, अंधारात मोबाईलच्या उजेडात दिसल्या. 'परमिशन' विचारणारे आजही आले. या वेळी त्यांना स्क्रीनवर एक फ्रेम दाखवली. ते म्हणाले माझी ड्यूटी ज्या बिल्डिंगवर आहे ती यात येते का. आली होती. मग पंधरा मिनिटं तेच माझ्या बॅगेवर लक्ष ठेवून होते.

६:३५ पासून ६:५२ पर्यंत आठ ओळी घेतल्या, सगळ्या उजवीकडून डावीकडे. पहिल्या दोन ४ सेकंदांच्या, मग ६, मग ८, शेवटच्या दोन १३. ओळ चालू असताना काही बदललं नाही, ओळ संपली की बदललं. तिसरी ओळ सिग्नलमुळे वाया. पाचवी, ६:४४ ची, तीच!

ह्युगिनमध्ये सुलूताईंनी सांगितलं तसं केलं. पाण्यावर ४७ कंट्रोल पॉइंट लागले होते, सगळे उडवले. उभ्या रेघा पाच दिल्या. आभाळात एक पट्टा नाही. किनारा किंचित वाकलाय आणि आता मला तो तसाच आवडायला लागलाय. समोर पाच मजली आर्ट डेको इमारतींची ती एकसारखी उंचीची रांग आहे ना, ती या वेळी सलग आली. २०१८ ला युनेस्कोच्या यादीत का गेली ते आपल्याच फोटोत बघून कळलं, आधी मी तिच्याकडे बसच्या खिडकीतून बघायचो.

एक गडबड राहिली. दुसऱ्या फ्रेममध्ये कठड्यावर एक गृहस्थ पांढऱ्या शर्टात बसलेत. बहुतेक पहिली फ्रेम झाल्यावर उठून दोन-तीन पावलं सरकून परत बसले. त्यामुळे ते फोटोत दोनदा आहेत, शेजारी शेजारी. स्वतःशीच गप्पा मारत.

सुलू_ठाणे (गुरुवार, सकाळी ७:५०)

अप्रतिम! आणि त्यांना मास्क लावून एकाला काढता येईल, पाच मिनिटांचं काम.

खिडकीवाला (गुरुवार, सकाळी ८:१०)

घरून नकार आलाय. बायको म्हणते फोटोतलं तेवढंच मनोरंजक आहे.

गिरगावकर_७ (गुरुवार, सकाळी ९:००)

बायकोच्या बाजूने. फोटो झकास. खिडक्या बघ कशा पेटल्यात! बुधवारचा गुण.

फक्त_मोबाईल (गुरुवार, सकाळी ११:२०)

एक विचारू का? कुणी हसू नका. मिनी ट्रायपॉड आणि फोनचा प्रो मोड वापरून सहा फ्रेम वेगवेगळ्या घेतल्या आणि ह्युगिनमध्ये टाकल्या तर?

तिपाईकाका (गुरुवार, सकाळी ११:४५)

तर उत्तम. फोनची मुख्य लेन्स वापर, अल्ट्रावाइड नको. रॉमध्ये (फोनने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) घे, नाइट मोड बंद, टायमर लाव. वरळीहून काढून इथे झब्बू दे, म्हणजे उत्तरादाखल तुझा फोटो टाक. केबल मी स्वतः मोजेन.

खिडकीवाला (दहा दिवसांनी, रविवार, रात्री १०:३०)

प्रिंट झाला. सहा फूट बाय चौदा इंच, मॅट कागद. ग्लॉसी घेणार होतो, दुकानातल्या माणसानेच अडवलं, म्हणाला समोर ट्यूबलाइट असेल तर समुद्रात ट्यूब दिसेल. पहिला नमुना फार काळा आला. घरच्या मॉनिटरचा ब्राइटनेस मी पूर्ण ठेवत होतो, त्यामुळे मला फाइल उजळ वाटायची. तिला थोडं उचलून परत काढला.

दादरहून डोंबिवली फास्टमध्ये ती नळी घेऊन चढलो. एक काका म्हणाले, "तोफ कुठे लावताय?" ठाण्यापर्यंत ती माझ्या डोक्यावर उभी होती, ठाण्यानंतर चौथ्या सीटवरच्या मुलाने मांडीवर घेतली. भिंतीवर लागलाय. फ्लेमिंगो रद्द. पांढऱ्या शर्टवाल्या गृहस्थांसमोर येणारा प्रत्येक पाहुणा थांबतो.

सुलू_ठाणे (रविवार, रात्री १०:५०)

अभिनंदन! मी पंचांगात बघत होते. जूनमध्ये सूर्य वायव्येकडे सरकतो, तुझ्या जागेवरून तो राजभवनाच्या बराच जवळ, थोडा डावीकडे मावळेल. हिवाळ्यात तो तुझ्या फ्रेमच्या बाहेर, पार डावीकडे होता. ढग थोडे फाटले तर संधिप्रकाशाचा सगळा रंग फोटोच्या आत. जूनमध्ये जायचं का सगळ्यांनी?

तिपाईकाका (रविवार, रात्री ११:०५)

मी तयार. कॅमेऱ्यावर छत्री कोण धरणार ते आधी ठरवा.

फक्त_मोबाईल (रविवार, रात्री ११:०९)

मी धरतो. माझा फोन वॉटरप्रूफ आहे.